गाज आणि खर्ज

मालिकांच्या संगीताविषयी रत्नागिरीत कोणाशीही बोलायला बसले की दोन-चार वाक्यांत एक शब्द हमखास येतो : ‘कॅसिओ’. ‘सगळं कॅसिओवर उरकलेलं असतं हो’, असे कोणीतरी म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. एका जपानी कंपनीच्या नावाने आपण विजेवर चालणाऱ्या साऱ्याच पेट्यांना ओळखतो, आणि त्या नावाच्या उच्चारात थोडी तुच्छताही मिसळलेली असते. कॅसिओ म्हणजे नकली, स्वस्त, घाईचे. सनई नव्हे, सनईसारखे काहीतरी. बासरी नव्हे, बासरीचे सोंग.

या तक्रारीमागची अस्वस्थता खरी आहे, असे मला वाटते. मात्र तिने धरलेला आरोपी चुकीचा आहे. दूरचित्रवाणी मालिकांचे पार्श्वसंगीत, त्यातही कोकणावरच्या मालिकांचे, आपल्याला उपरे वाटते याचे कारण ते वाद्य विजेवर चालते हे नाही. कारण वेगळे आहे, आणि ते शोधायचे तर आपल्याच काव्यशास्त्राकडे आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या आवाजांकडे जावे लागेल. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडू शकतो. त्याचेही उत्तर ओघात येईल.

प्रथम त्या ‘परक्या’ वाद्याचा प्रश्न निकालात काढू. मराठी कानाला स्वरपट्ट्यांचे परके वाद्य नवीन नाही. ज्या संगीत नाटकाला आपण अस्सल मराठी ठेवा मानतो, त्याच्या वैभवकाळातला आधारस्वर ऑर्गनचा होता. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँचा तबला अशी साथ असे, आणि त्या त्रयीतला ऑर्गन पाश्चात्त्य घडणीचा होता म्हणून कोणाच्या रसास्वादात व्यत्यय आला, असे वाचनात नाही. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग झाले आहेत. तिथे पडदा उघडण्यापूर्वी घुमणारा ऑर्गनचा सूर ऐकून आजही जाणत्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. तो काटा परकेपणाचा नसतो. भजनातली पेटी, दशावतारातली पेटी यांविषयी तर बोलायलाच नको. गणपतीच्या दिवसांत वाडीवर पेटी नसेल तर आरत्यांना रंग भरत नाही.

पण हीच पेटी एकेकाळी आकाशवाणीवर वर्ज्य होती. १९३८ मध्ये जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध एक जहाल लेख लिहिला, आणि १९४० पासून आकाशवाणीवर तिच्यावर बंदी आली. रवींद्रनाथ ठाकूरांसारखे थोर लोकही बंदीच्या बाजूने होते. आक्षेप असे : तिचे स्वर कायमचे ठरलेले आहेत, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींची सूक्ष्मता तिला पेलत नाही, आणि ती आळशी गायकाला आयता आधार देते. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९७७ साली. म्हणजे आपल्या केंद्राचा जन्मच पेटीला माफी मिळाल्यानंतरचा. त्या तीन दशकांत पेटीवर घेतलेले आक्षेप आणि आज कॅसिओवर घेतले जाणारे आक्षेप शेजारी ठेवून पाहावेत. शब्द जवळपास तेच आहेत. गंमत अशी की पेटीत जी मींड निघत नव्हती ती सिंथेसायझरमधून निघू शकते. १९७० च्या मिनीमूगपासून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय या वाद्यात आहे. दुसरी गंमत म्हणजे गायकांच्या बैठकीत आज तंबोऱ्याच्या जोडीने, कित्येकदा तंबोऱ्याऐवजी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो. त्याला कोणी ‘कॅसिओ’ म्हणत नाही. वाद्य वीज वापरते हा आक्षेप आपण किती सोयीने घेतो, याचे हे उदाहरण आहे.

वाद्य निर्दोष सुटले. मग दोष कुठे आहे?

सिंथेसायझर हे वाद्य काय करते, ते थोडक्यात सांगायला हवे. पेटीत भात्याची हवा धातूच्या पात्यांना कंप देते. सतारीत तार कंप पावते. सिंथेसायझरमध्ये कंप विजेचा असतो. त्या कंपातून एक कच्चा, रुक्ष स्वर निघतो. मग वादक त्यातला हवा तो अंश गाळून ठेवतो, नको तो काढून टाकतो. स्वर कसा उगवावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवतो. मातीचा गोळा चाकावर घ्यावा तसे हे काम आहे. रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात या यंत्राला वाद्याचे रूप दिले, तेव्हा त्याचा खरा लोभ होता तो आजवर कोणी न ऐकलेला आवाज घडवण्याचा. पुढे १९८० च्या दशकात चित्र बदलले. कारखान्यातूनच शेकडो तयार आवाज भरून येणारी वाद्ये निघाली. कळ दाबली की व्हायोलिनचा ताफा, दुसरी दाबली की बासरी, तिसरी दाबली की देवळातली घंटा. निर्मितीचे वाद्य नकलेचे वाद्य झाले. अर्थात हे वाद्याने केले नाही. ते विकत घेणाऱ्यांच्या गरजेने केले. चाळीस वादकांना बोलावण्याचा खर्च एका माणसावर भागू लागला, आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ज्यांची पोटे वाजवण्यावर होती अशा कित्येक वादकांची कामे गेली. ‘कॅसिओ’ या शब्दातली कटुता काही अंशी या घडामोडीचीही आहे, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही.

परंतु निर्मितीचा रस्ता बंद झाला नव्हता. दूरचित्रवाणीच्याच क्षेत्रातले दाखले पाहू. १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘मायामी व्हाइस’ या गुन्हेगारीवरच्या मालिकेला यान हॅमर यांनी सिंथेसायझरवर संगीत दिले. भाग पाहून त्या भागासाठी नवे संगीत रचायचे, अशी त्यांची रीत होती. आणि त्या मालिकेची शीर्षकधून १९८५ मध्ये अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. २०१६ मधल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे संगीत काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांचे. तेही सिंथेसायझरचे. कथा १९८३ मध्ये घडते, म्हणून त्या काळातल्या वाद्यांचा आवाज तिथे कालनिदर्शक ठरतो. मालिकेतल्या सायकली आणि दूरध्वनी जितके त्या काळाचे, तितकाच तो आवाजही. तिसरा दाखला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९ च्या ‘चेर्नोबिल’ या मालिकेसाठी हिल्दुर गुडनाडोटिर या आइसलँडच्या संगीतकार लिथुएनियातल्या इग्नालिना येथील बंद पडलेल्या अणुवीज प्रकल्पात गेल्या, तिथल्या यंत्रांचे, दारांचे, पोकळ दालनांचे आवाज त्यांनी मुद्रित करवून घेतले, आणि त्या आवाजांना ताणून, गाळून, त्यांत आपला कंठस्वर मिसळून सगळे संगीत उभे केले. वापरले सगळे इलेक्ट्रॉनिक तंत्रच. पण ऐकताना त्या जागेचा आवाज ऐकू येतो. किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही. त्या मालिकेत तो ऐकू येतो.

म्हणजे यंत्रातून निघालेला आवाजही एखाद्या जागेचा असू शकतो. ज्याला ती जागा ऐकायची आहे, त्याला यंत्र आड येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या दैनिक मालिकेचे अर्थकारण एका साध्या गणितात मांडता येते. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेहून अधिक भाग होतात. जाहिराती वगळून एक भाग सुमारे बावीस मिनिटांचा धरला, तर वर्षाकाठी एकशे चौदा तासांची कथा तयार होते. अडीच तासांचा एक चित्रपट या मापाने हे पंचेचाळीस चित्रपट झाले. त्यातल्या निम्म्याच वेळात संगीत वाजते असे मानले (प्रत्यक्षात ते बहुधा जास्तच वाजते), तरी वर्षाला पन्नास तासांहून अधिक संगीत लागते. जगातला कोणताही संगीतकार दरवर्षी एवढे नवे संगीत रचू शकणार नाही. म्हणून आरंभी काही तुकडे करून ठेवले जातात : एक दुःखाचा, एक संशयाचा, एक खलनायिकेचा, एक विनोदाचा, एक सासू-सुनेच्या समेटाचा. पुढे संकलनाच्या टेबलावर प्रसंग पाहून तुकडा निवडायचा आणि खाली अंथरायचा. अशा वेळी संगीत रचले जात नाही. ते लावले जाते. भिंतीला रंग लावावा तसे.

शीर्षकगीतांची गोष्ट मात्र वेगळी झाली, हे इथे नमूद करायला हवे. १९९९ च्या ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत मंगेश कुळकर्णी यांनी लिहिले, अशोक पत्कींनी त्याला चाल दिली, देवकी पंडितांनी ते गायिले, आणि मालिका संपून दोन दशके उलटली तरी ते गीत स्वतंत्रपणे टिकून आहे. त्यानंतर मराठी वाहिन्यांवर चांगल्या शीर्षकगीतांची एक परंपराच तयार झाली. ती झाली कारण तिथे शब्द होते. आपला समाज शब्दांवर प्रेम करणारा आहे. गीत म्हटले की आपण कवीचे नाव विचारतो, चालीचे मूल्यमापन करतो, गायिकेच्या श्वासाची जागा हेरतो. दीड मिनिटाच्या गीताला एवढे लक्ष, आणि त्यानंतरच्या वीस मिनिटांत जे वाजते त्याच्या कर्त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. शब्दाला कान आणि स्वराला कानाडोळा, ही आपली जुनी खोड आहे. समीक्षेतही ती आहे.

याच ठिकाणी काव्यशास्त्र कामाला येते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोष सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच दोष म्हणजे स्वशब्दवाच्यता. रस, स्थायिभाव किंवा व्यभिचारिभाव यांचा त्यांच्या स्वतःच्या नावाने उच्चार करणे हा दोष होय. नायिका लाजली हे सांगायचे असेल तर ‘तिला लज्जा वाटली’ असे म्हणू नये. खाली झुकलेली नजर दाखवावी, पदराशी चाळा करणारी बोटे दाखवावीत. विभाव-अनुभावांच्या द्वारे भाव सूचित व्हावा. ज्या क्षणी कवी त्याचे नाव घेतो, त्या क्षणी सहृदयाला करायचे काही उरत नाही. आनंदवर्धनापासून चालत आलेल्या ध्वनिविचाराचे हे मर्म आहे, आणि पदव्युत्तर वर्गात आपण ते दरवर्षी शिकवतो.

मालिकेचे पार्श्वसंगीत नेमके हाच दोष करते, असा माझा दावा आहे. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर संशयाची पहिली छटा उमटायच्या आत खालून तो ठरलेला कंपित स्वर येतो आणि सांगतो : ‘संशय’. मग तिचा चेहरा, संवाद, खोलीतला प्रकाश, सगळे त्या एका शब्दाचे अनुवाद होऊन जातात. यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. स्वर हा शब्द नव्हे. त्याला वाच्यार्थ नसतो. मग स्वशब्दवाच्यता हा दोष त्याला कसा लागू करणार?

उत्तर रूढी या संकल्पनेत आहे. लक्षणेचे विवेचन करताना शास्त्रकारांनी ‘कुशल’ या शब्दाचे प्रसिद्ध उदाहरण दिले आहे. कुश नावाचे धारदार गवत हाताला इजा न होता तोडून आणणारा, तो कुशल. त्यावरून कोणत्याही कामात निष्णात असणारा, असा अर्थ आला. आज आपण हा शब्द वापरतो तेव्हा गवत कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. लक्षणा वापरून वापरून झिजली आणि जणू अभिधाच होऊन बसली. स्वरांचेही असेच होते. भयकथेत खालच्या सप्तकातला एक दीर्घ, किंचित थरथरणारा घुमारा ज्याने प्रथम वापरला असेल, त्याच्या हातून खरोखरच काहीतरी सूचित झाले असेल. पायाखालची जमीन हलते आहे असे ऐकणाऱ्याला वाटले असेल. तिथे व्यंजना होती. तोच घुमारा हजाराव्या वेळी ऐकला की तो ‘आता भिण्याची वेळ झाली’ एवढेच सांगतो. व्यंजनेचा प्रवास अभिधेत संपला. स्वर शब्द झाला. आणि शब्द झाल्यामुळे स्वशब्दवाच्यतेचा दोष त्याला पुरेपूर लागू झाला.

लक्षात घ्यावे की हा दोष विजेच्या वाद्याचा नाही. करुण प्रसंगी सारंगी आणि मंगल प्रसंगी सनई या आपल्या जुन्या, लाकडी, अस्सल रूढीही याच दोषाच्या धनी आहेत. सारंगी ऐकू येताच कोणीतरी गेले असे समजणारी एक पिढी रेडिओने तयार केली होती. सिंथेसायझरने एवढेच केले की हे नामोच्चार स्वस्त आणि अमर्याद करून ठेवले.

कोकणाच्या संदर्भात या प्रकरणाला आणखी एक धार येते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६, २०१९ आणि २०२१ अशा तीन पर्वांत आली. तिचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात झाले. आज हे गाव सिंधुदुर्गात आहे. १९८१ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचाच होता, आणि जुनी माणसे अजूनही तो एकच प्रदेश समजतात. या मालिकेने मालवणी बोली घराघरांत नेली, तिथल्या स्थानिक कलावंतांना ओळख दिली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. ती सुरू होताच कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेपही घेतले गेले. ते सारे आक्षेप कथेवर होते, पात्रांवर होते, क्वचित बोलीच्या शुद्धाशुद्धतेवर होते. आवाजावर कोणी आक्षेप घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वास्तविक तिथेच खरी विसंगती होती. पात्रांच्या तोंडी आकेरीची भाषा आणि त्यांच्या पायाखाली जगभरच्या भयपटांचा सामायिक घुमारा. तो घुमारा हिमालयातल्या पडक्या हवेलीखालीही तसाच चालला असता आणि जर्मनीतल्या जंगलाखालीही. वर गाव होते, खाली कुठलेच गाव नव्हते. कोकणातली मालिका, मग ती भयाची असो वा कौटुंबिक, दृश्यासाठी माड, कौले, तुळशीवृंदावन गोळा करते, बोलीसाठी जाणकार नेमते, आणि आवाजासाठी मात्र मुंबईतल्या खोलीत तयार असलेली पेटी उघडते.

कोकणातली रात्र नि:शब्द नसते, आणि भीतीही तिथे नि:शब्दतेतून येत नाही. पावसाळ्यात रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या काळात कौलांवरचा पाऊस, पागोळ्यांचे टपटपणे, बेडकांचा गिल्ला आणि रातकिड्यांची किरकिर हेच रात्रीचे आधारस्वर असतात. त्यांतला एखादा अचानक थांबला की माणूस कान टवकारतो. किनाऱ्यावरच्या गावांत याखाली आणखी एक स्वर असतो. त्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : गाज. समुद्राच्या आवाजाला ‘आवाज’ न म्हणता गाज म्हणणाऱ्या भाषेला ध्वनीचे किती बारीक भान असले पाहिजे! भाट्याच्या वाळूवर ती एक असते, मांडवीच्या बंदरावर दुसरी, आणि भगवती किल्ल्याखालच्या खडकांत तिसरी. हवा फिरली की गाजेची दिशा बदलते, आणि घरातली म्हातारी माणसे अंथरुणात पडल्या पडल्या तिच्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. मालिकेतला खर्ज या गाजेची जागा घेतो. तो ऋतूप्रमाणे बदलत नाही, भरती-ओहोटी जाणत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या आठवून पाहाव्यात. ‘कोंडुरा’तले भय असे कोणी नाव घेऊन सांगितलेले नाही, ते त्या भूमीतून, त्या माणसांच्या श्रद्धेतून आणि वासनेतून हळूहळू वर येते. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर चित्रपट केला, तोही हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत, आणि कथा आंध्रात नेली. वनराज भाटियांसारखा संगीतकार त्यांच्यापाशी होता. कथा आंध्रात गेली हे ठीकच. दिग्दर्शकाने ती जागा बदलतो आहोत हे जाणून बदलली. आपल्या मालिका जागा बदलत नाहीत, उलट जागेचेच भांडवल करतात, आणि कानापुरती ती जागा पुसून टाकतात. नुकसान असे की ज्याने कोकण फक्त पडद्यावर पाहिले आहे त्याला कोकण असेच वाजते असे वाटेल. त्याहून मोठे नुकसान म्हणजे इथे राहणाऱ्या मुलांनाही आपल्या माजघरातला काळोख त्याच घुमाऱ्यासह ऐकू येऊ लागतो.

मग करायचे काय? मालिकांनी मृदंग, झांज आणि ढोल वापरावेत, असे सुचवले जाईल. मला हा उपाय अपुरा वाटतो. शिमग्याचा ढोल कुठल्याही प्रसंगाखाली लावून दिला तर तीही एक कळच झाली. नाव तेवढे देशी. आणि खरे सांगायचे तर विजेची पेटी कोकणाला परकी राहिलेलीच नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी आणि आखातात नोकरीला गेलेल्यांनी जपानी बनावटीची यंत्रे गावी आणली, त्याला आता काही दशके झाली. नमनाच्या रंगमंचावर, जाखडीच्या सामन्यात, लग्नाच्या वरातीतल्या बेंजोत मृदंगाशेजारी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड दिसतात. कर्ण्यांतून थोडा फाटलेला, थोडा बेसूर, पण हौसेने वाजवलेला तो आवाज आजच्या कोकणातल्या रात्रीचा अस्सल आवाज आहे. एखाद्या मालिकेने हा कॅसिओ बासरीचे सोंग म्हणून न वापरता कॅसिओ म्हणूनच वापरला, दूरच्या वाडीवरून वाऱ्याबरोबर येणारा नमनाचा सूर म्हणून वापरला, तर तो अंगणातल्या तुळशीइतकाच त्या जागेचा होईल.

दुसरा रस्ता ‘चेर्नोबिल’ने दाखवलेलाच आहे. मिरकरवाड्यात पहाटे सुरू होणारी होड्यांची इंजिने, कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुड्याच्या बोगद्यात शिरताना गाडीचा बदलणारा नाद, गाऱ्हाण्याला मिळणारा सामुदायिक होकार, भरतीच्या पाण्याने खडकांच्या कपारींत केलेली धडधड. हे आवाज मुद्रित करून, ताणून, गाळून त्यांतून खर्ज निर्माण करता येईल. त्याला आज महागडे ध्वनिमुद्रणगृह लागत नाही. एक बरा मायक्रोफोन आणि संगणक पुरतो. असा खर्ज भीती वाटवेल, आणि त्या भीतीला गावाचा पत्ता असेल.

‘दैनिक मालिकेकडून एवढी अपेक्षा कशाला?’ हा प्रश्न उरतो, आणि त्याला एक गंभीर बाजू आहे. मालिका ही बहुतेक घरांत पाहिली कमी आणि ऐकली जास्त जाते. भाकऱ्या थापणारी बाई स्वयंपाकघरातून ती ऐकते आणि संगीताचा ठरलेला ठोका पडला की तेवढ्यापुरती दारात येऊन पाहते. तिच्यासाठी तो ठोका म्हणजे हाक आहे. ‘आता ये, काहीतरी घडते आहे’ असे सांगणारी. या दृष्टीने पाहिले तर नामोच्चार हा दोष नसून सोय आहे, असे म्हणता येईल. दिवसभर राबणाऱ्या बाईने सहृदय होऊन विभाव-अनुभावांची वाट पाहत बसावे, अशी अपेक्षा करणे हा अध्यापकी उद्धटपणा होईल. हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मालिका जर मुख्यतः कानाने अनुभवली जात असेल, तर तिचा आवाज ही दुय्यम गोष्ट राहत नाही. तीच तिची संहिता ठरते. स्वयंपाकघरातल्या त्या श्रोत्रीपर्यंत माड पोचत नाहीत, कौले पोचत नाहीत, वाड्याचा चौक पोचत नाही. पोचतात ते फक्त संवाद आणि संगीत. तिला दिल्या जाणाऱ्या कोकणाचा अर्धा भाग तो घुमारा आहे. शिवाय हाक मारायला एकच आवाज लागतो असेही नाही. आपल्याच गावात हाका किती प्रकारच्या असतात, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

इथे साहित्याच्या विभागांची जबाबदारी सुरू होते. माध्यमांतर हा विषय आता आपल्या अभ्यासक्रमांत रुळला आहे. कादंबरीवरून चित्रपट, कथेवरून मालिका, नाटकावरून दूरचित्रवाणी-नाट्य, यांवर प्रबंधिका लिहिल्या जातात. त्यांत कथानकात काय बदलले, कोणती पात्रे गाळली, भाषेची पातळी कुठे उतरली, यांची काटेकोर नोंद असते. ध्वनीवर एखादा परिच्छेद असलाच तर ‘पार्श्वसंगीत प्रसंगाला पोषक आहे’ एवढ्या वाक्यात तो संपतो. ‘पोषक’ हा शब्द आपण विचार थांबवण्यासाठी वापरतो. कादंबरीतल्या निवेदकाची जागा मालिकेत कोण घेते, हा माध्यमांतराचा कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा संगीत हे असते. कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाला हसायचे, कोणत्या वाक्याखाली काय दडले आहे, हे सांगणारा सर्वसाक्षी, वाचाळ निवेदक तिथे सुरांत बोलत असतो. हा निवेदक छापील कादंबरीत असता तर आपण त्याच्यावर पानेच्या पाने लिहिली असती. त्याच्या आगाऊपणाला नावे ठेवली असती, वाचकावर त्याचा विश्वास नाही असे म्हटले असते. तो सुरांत बोलतो म्हणून त्याला सूट मिळते.

माझी सूचना अगदी साधी आहे. एखाद्या वर्गाने कोकणावरच्या कोणत्याही मालिकेचा एक भाग निवडावा. तो एकदा आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक प्रसंगातला भाव लिहून काढावा. नंतर तोच भाग चित्र झाकून ऐकावा आणि पुन्हा लिहावे. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की अभिनयाने काय सुचवले होते आणि संगीताने काय ठणकावून सांगितले, यातले अंतर दिसेल. तिसऱ्या रकान्यात, त्या आवाजांतले नेमके कोणते आवाज त्या गावात ऐकू येऊ शकतात, हे लिहावे. माझा अंदाज असा की तिसरा रकाना बराचसा कोरा राहील. तो भरायला रत्नागिरीतल्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात जावे लागणार नाही. त्याने रात्री दिवा मालवून, खिडकी उघडी टाकून, अर्धा तास स्वस्थ पडून राहावे आणि ऐकू येईल ते सकाळी वहीत लिहून आणावे.